चंद्रोदयाआधी जेवलेली माणसं

माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, घरच्यांशी बोलतो, देवाशीसुद्धा थोडंफार बोलतो. पण दंडावरच्या टिकलीशी त्याला खोटं बोलता येत नाही. पाच वर्षांच्या नोकरीत रेवती मांढरेला ही गोष्ट पुरती कळून चुकली होती.

टिकली म्हणजे रुपयाएवढी गोल चकती. सरकारच्या 'आरोग्यसोबत' योजनेत साठीच्या पुढच्या प्रत्येक मधुमेही माणसाच्या दंडावर ती चिकटवली जायची. केसाहून बारीक तार कातडीखाली रुतवून ती दर पाच मिनिटांनी अंगातली साखर मोजायची आणि आकडा साताऱ्याला पाठवायची. साताऱ्यात एका कंपनीनं हे काम ठेक्यानं घेतलं होतं. तिथल्या वाचनकक्षात रेवती बसायची, हुद्दा 'वाचक'. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर अख्ख्या तालुक्यातली सहा हजार माणसं सहा हजार रेषा होऊन वाहत असायची. एखादी रेषा धोक्याच्या खाली उतरली की त्या घरी फोन करायचा, घरात कुणी उचलत नसेल तर नातेवाइकाला करायचा, शेजाऱ्याला धाडायचं, गाडी पाठवायची. रेवतीनं असे पुष्कळ जीव वाचवले होते आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता.

बाकीचा वेळ गमतीचा. लग्नसराईत कुठल्या गावात जिलेबी झाली ते पडद्यावर दिसायचं. पथ्य पाळतो म्हणून गावभर सांगणारा म्हातारा दुपारी तीनला गुपचूप काय तोंडात टाकतो तेही दिसायचं. वाचकाला नाव दिसत नसे, फक्त क्रमांक. पण क्रमांकात गाव आणि घराचा आकडा असायचा, आणि तिच्या स्वतःच्या आंबवडे गावात तर पहिल्या शिबिरात सगळ्या टिकल्या तिनंच आपल्या हातानं चिकटवल्या होत्या. तिथली एकेक रेषा तिला चेहऱ्यानं ओळखू यायची.

संकष्टीला तर पर्वणीच. कृष्णाकाठचा हा मुलूख गणपतीचा. मधुमेह असेल तर उपास करू नका असं डॉक्टर घसा फोडून सांगायचे, सगळे माना डोलवायचे आणि सगळे उपास करायचे. दिवसभर रेषा खाली खाली सरकायच्या. कुणी दहा वाजता साबुदाण्याची खिचडी चापली की तिथं उंच सुळका निघायचा, मग पुन्हा उतार. संध्याकाळनंतर सगळा तालुका चंद्राची वाट बघत बसायचा. पंचांगात चंद्रोदय नऊ वाजून चार मिनिटांनी असेल, तर सव्वानऊनंतर अडीच हजार रेषा एकदम माना वर करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्र बघताना रेवतीच्या अंगावर काटा यायचा. एवढ्या माणसांनी एकाच वेळी पहिला घास घेतला हे त्या माणसांना ठाऊकही नसायचं.

मार्गशीर्षातल्या संकष्टीनंतर नव्या वाचकांची तुकडी आली होती. त्यांना हे चित्र दाखवावं म्हणून रेवतीनं टिकली लागल्यावरच्या पहिल्या वर्षी दर महिन्याला उपास केलेली माणसं निवडली आणि त्यांच्या कालच्या रेषा एकावर एक ठेवल्या. सव्वानऊला जाडजूड दोरखंड वर उठला. नव्या लोकांनी कौतुक केलं आणि ते चहाला गेले. रेवती मात्र खुर्चीतच राहिली. दोरखंडाबाहेर एकेचाळीस रेषा सुटून राहिल्या होत्या. त्या माणसांनी दुपारी एकला भाकरी खाल्ली होती, रात्री आठला जेवण उरकलं होतं, आणि चंद्र उगवला तेव्हा ती गाढ झोपली होती.

एखाद्यानं उपास सोडला असेल, तिनं मनाशी म्हटलं. वय होतं, डॉक्टर रागावतात. पण त्या एकेचाळिसांत तिचे अप्पा होते.

अप्पा म्हणजे दिनकर मांढरे, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. बायको गेल्यावर आंबवड्यात एकटे राहत. रेवतीचं लग्न मोडल्यावरही 'इकडं ये' असं ते कधी म्हणाले नाहीत आणि 'तिकडं येते' असं तीही कधी म्हणाली नाही. पण दिवसातून दोन वेळा फोन असायचा. टिकली लागल्यापासून तो कमी झाला. कशाला करायचा? सकाळी पावणेसातला रेषा किंचित वर आली की अप्पांचा चहा झाला. संध्याकाळी पाचला हळूहळू उतरली की ते नदीपर्यंत फिरायला निघाले. सगळं समोर दिसत असताना 'कसे आहात' असं विचारणं तिला उगाच वाटायचं. मग दिवसाआड फोन झाला, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. चाळीस वर्षं संकष्टी करणारा हा माणूस चंद्राआधी जेवला, हे काही तिला पटेना. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिनं फोन लावला आणि काल उपास लवकर सोडला का, असं विचारलं.

"लवकर कसा सोडीन?" अप्पा म्हणाले. "चंद्र बघितल्याबिगर कधी घास घेतलाय का मी? नऊ वाजलं की."

"आत्ता काय करताय?"

"करतोय काय, पडलोय खाटेवर. गुडघा न्हाई का धरला श्रावणापासनं, फिरणं बंदच हाय. आत्ता कुंभाराच्या सुनेनं बारशाचा लाडू दिला, तो खातोय. तुला दिसंलच म्हणा तिथं."

रेवतीनं पडद्याकडे बघितलं. लाडू कुठंच नव्हता. रेषा रोजच्यासारखी हळूहळू उतरत होती. रेषेतले अप्पा नदीकडे निघाले होते.

टिकलीवरचा हिरवा दिवा लागतो का, असं तिनं विचारलं. तो तर गेल्या वर्षीच्या दिवाळीतच गेला, अप्पा म्हणाले. गावातल्या आरोग्यसेविकेला दाखवला होता. ती म्हणाली, वर दिसतंय ना, मग चालू हाय. तेरा महिने झाले होते. गणपतीत घरी गेली तेव्हा अप्पांच्या गुडघ्याला बांधलेली पट्टी रेवतीनं पाहिली होती. पण पडद्यावर ते रोज फिरत होते, म्हणून तिनं विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला भीती वाटली, आणि ती भीती कंपनीची किंवा सरकारची नव्हती. तेरा महिने आपण जिची काळजी घेतली ती व्यक्ती कोण होती, हेच तिला कळेना.

कोण होती ते दोन दिवसांत कळलं. कंपनीकडं 'सांधणी' नावाचा एक प्रोग्रॅम होता. मूळ हेतू भला होता. कधी नेटवर्क जातं, कधी अंघोळीत टिकली सैल होते, मधेच चार-सहा तास आकडे येत नाहीत. अशा वेळी सांधणी त्या माणसाचे मागचे सगळे आकडे चाळायची आणि मधली फट भरून काढायची. भाकरी खाल्ल्यावर याची साखर किती वेळात चढते, चालल्यावर किती उतरते, सोमवारी हा काय खातो, रविवारी काय. दोन वर्षांच्या आकड्यांवरून ती एका माणसाचं शरीर जवळजवळ तोंडपाठ करायची. फट भरलेली आहे हे तज्ज्ञालाही ओळखता येत नसे. सरकार कंपनीला माणशी, रोजचे आकडे आले तरच पैसे द्यायचं. फट दिसली की कपात. म्हणून सहा तासांची मर्यादा आधी एक दिवस झाली, मग आठवडा, आणि मग कुणीतरी ती काढूनच टाकली. टिकलीतला सेल दोन वर्षांनी संपतो. तो बदलायला खर्च येतो, सांधणीला काहीच येत नाही.

तिच्यात एकच कच्चा दुवा राहिला होता. सांधणीला सूर्य ठाऊक होता, घड्याळ ठाऊक होतं, आठवड्याचे वार ठाऊक होते. संकष्टी मात्र तिथीनं येते. या महिन्यात सोमवारी, पुढच्या महिन्यात बुधवारी, आणि चंद्रोदयाची वेळही दर खेपेला निराळी. यंत्राच्या हिशेबात असा एखादा उपाशी दिवस म्हणजे नुसता गोंधळ. सरासरी काढताना तो पुसला जाई. चंद्राबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते घडवणारी माणसं दूर कुठंतरी बसली होती आणि त्यांच्या घरी संकष्टी होत नव्हती.

रेवती दर रविवारी गावं फिरली. ओळखीची निमित्तं काढून घरं शोधली. एकेचाळिसांपैकी अकरा माणसं मेलेली निघाली. त्यांतले एक आंबवड्याचे रामभाऊ गुरव. ज्येष्ठात त्यांच्या दहाव्याला ती स्वतः गेली होती. पडद्यावर रामभाऊ रोज सकाळी चहा घेत होते, आणि सहा हजारांत ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. उरलेली तीस माणसं जिवंत होती. दंडावर मेलेली टिकली वागवत, आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे अशा भरवशावर ती निवांत होती. त्या तिसांत अप्पा होते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या द्वारकाकाकू पिसाळही होत्या. आई गेल्यावर रेवतीच्या वेण्या याच काकूंनी घातल्या होत्या.

पुण्याला निर्मला ओक नावाच्या वकील होत्या. त्यांच्याकडून रेवतीला कायदा कळला. सरकारचा पैसा लुबाडणाऱ्याची खबर देणाऱ्या माणसाला लोक गावराखणीच्या जुन्या नावावरून 'जागल्या' म्हणत, आणि कायद्यालाही जागल्याचा कायदा. सर्वात आधी पुराव्यासह दावा लावील त्याला वसुलीतला पाचवा हिस्सा. दुसरा आला तर त्याला काही नाही. दावा मात्र मोहोरबंद राहणार. सरकार गुपचूप तपास करणार आणि तोवर जागल्यानं अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर दावा बाद.

"आणि त्या तीस माणसांना तोवर कुणी सांगायचं?" रेवतीनं विचारलं.

ओकबाईंनी समोरची फाइल मिटली. "तुम्ही सांगितलंत, तर उद्या सकाळी त्या तीस टिकल्या बदललेल्या असतील, सांधणीच्या नोंदी पुसलेल्या असतील, आणि बाकीच्या तालुक्यांतली शेकडो माणसं होती तशीच राहतील. न बोलणं हेच आता तुमचं काम आहे."

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. पण नुसत्या त्या शेकडो माणसांसाठी रेवतीनं सही केली असं म्हणणं म्हणजे तिला उगाच देव्हाऱ्यात बसवणं. पाचवा हिस्सा ऐकला तेव्हा तिच्या पोटात गोड कळ आली होती. पैसा नको म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. दरवर्षी मार्चमध्ये नोकरी राहते का जाते म्हणून धाकधूक, भाड्याच्या दोन खोल्या, आणि पुढचं म्हातारपण; हे सगळं एका सहीनं मिटणार होतं. पौषात दावा दाखल झाला. दोनच महिने कळ काढा, ओकबाई म्हणाल्या.

एवढं मात्र तिनं केलं, की अप्पांना बोट टोचून साखर मोजायचं साधं मशीन मेडिकलमधून आणायला लावलं. कारण सांगितलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही. लेक साताऱ्याला मोठ्या जागी आहे, सांगते म्हणजे बरोबरच असणार. पण सेविकेनं ते मशीन फडताळात पाहिलं आणि वर कळवलं. चार दिवसांनी साहेबांनी रेवतीला केबिनमध्ये बोलावून, हसत हसतच, तुमच्या वडिलांचा आपल्या टिकलीवर विश्वास नाही का, असं विचारलं. म्हातारपणाचं खूळ आहे, असं तीही हसून म्हणाली. ओकबाईंना कळवलं तेव्हा त्या फोनवर कडाडल्या. एकाच गावात आणखी एक मशीन दिसलं तर कंपनी सावध होईल. मग बसा हात चोळत, असं त्यांनी बजावलं.

त्याच रविवारी सकाळी अप्पांचा फोन आला. ते तालुक्याला निघाले होते. "द्वारकावैनी म्हणत होत्या, ते मशीन लई सोपं दिसतंय. त्यांना बी एक आणू का गं?"

रेवती गॅलरीत उभी होती. खाली भाजीवालीची तागडी वर-खाली होत होती. मग रेवती म्हणाली, "नको, अप्पा. काकूंची रेषा चांगली दिसतेय."

यात खोटं काहीच नव्हतं. रेषा खरोखरच चांगली दिसत होती.

दोन महिने उलटले. सरकारी काम अन् सहा महिने थांब. तपासाला मुदतवाढ मिळाली. माघातल्या संकष्टीला चंद्राची वाट न पाहणारी माणसं त्रेपन्न झाली, फाल्गुनात एकाहत्तर. दर महिन्याला टिकल्यांतले सेल संपत होते. रेवती रोज सकाळी कामावर जाई, खुर्चीत बसे आणि भिंतीकडे बघे. पूर्वी तिथं सहा हजार माणसं दिसायची. आता कुठली रेषा अंगातून येते आणि कुठली नुसतीच येते, हे तिला संकष्टी सोडून बाकीचे दिवस कळत नसे. कधी वाटायचं, सगळंच शांत चाललंय ते इतकं शांत का चाललंय. नवे वाचक हसायचे, कुणाची जिलेबी पकडायचे. तीही त्यांच्याबरोबर हसायची.

चैत्रातल्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पाच कमी असताना अप्पांचा फोन आला. ते रडत नव्हते, पण शब्द एकेक करून येत होते. द्वारकावैनी गेल्या. काल उपास होता, गोळी घेतलेली, दिवसभर नुसता चहा. नैवेद्याचा भात लावला आणि चंद्र उगवेस्तोवर जरा पाठ टेकते म्हणाल्या. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, मग अप्पांनीच दार ढकललं. भात तसाच झाकलेला होता. साखर उतरली असणार, डॉक्टर म्हणाला.

"तुमच्याकडनं फोन कसा न्हाई आला गं?" अप्पांनी विचारलं. "टिकली होती की दंडावर."

रेवतीनं भिंतीकडं बघितलं. आंबवड्याच्या रेषांत ती रेषा तिला लगेच सापडली. काल रात्री आठला तिनं जेवण केलं होतं, रात्रभर सपाट राहिली होती, पावणेसातला चहा घेतला होता. आता एक वाजला होता आणि ती हळूच वर निघाली होती. काकू जेवायला बसल्या होत्या. बघून सांगते, असं अप्पांना म्हणून तिनं फोन ठेवला.

ओकबाईंना तिनं सांगितलं, आता पुरे, मी बोलणार. वाईट झालं, असं बाई मनापासून म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या की आता नुसता पैशांचा गैरव्यवहार राहिला नाही, जीव गेला आहे. सरकारला दाव्यात उतरावंच लागेल, आपली बाजू फार भक्कम झाली. त्या क्षणी रेवतीला बरं वाटलं. अगदी क्षणभरच, पण वाटलं. पुढं तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्याच गोष्टीची, आणि ती गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही.

काकूंच्या दहाव्याला ती गेली. काकूंचा मुलगा परदेशात असायचा. सून अमृता पुण्याला नोकरीला. सासूवर तिचा जीव होता. तिनं फोन काढून रेवतीला दाखवला; कुटुंबीयांना रेषा फोनवर दिसायची सोय होती. आई गेल्या तरी हे चालूच आहे, असं कसं, असं ती भांबावून विचारत होती. तांत्रिक अडचण असेल, रेवती म्हणाली. तिच्या तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली पुण्याला होती.

आषाढात मोहोर उघडली. राज्यभरात मिळून चार हजारांवर रेषा खोट्या निघाल्या. कंपनीचे मालक आत गेले. जिवंत माणसांच्या टिकल्या आठवड्यात बदलल्या गेल्या, आणि त्यातून किती जीव वाचले असतील याचा हिशेब नाही. रेवतीचं हे श्रेय कुणी नाकारू नये. बक्षिसाचा आदेश झाला. पेपरात फोटो आला, खाली दावा पौषात दाखल झाल्याची तारीख होती. असतील शितं तर जमतील भुतं. कधी न पाहिलेले मावसभाऊ पेढे घेऊन दाराशी उभे राहिले. अप्पांचा मात्र फोन आला नाही. तिनं केला तर 'बरं हाय' म्हणून ते ठेवून द्यायचे. पेपर त्यांच्याकडंही येत होता, आणि तारखा त्यांनाही वाचता येत होत्या.

मेलेल्या माणसांच्या रेषा तेवढ्या बंद झाल्या नाहीत. मोजदाद संपेपर्यंत पुराव्याला हात लावायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. म्हणून सरकारी ताब्यातल्या त्या भिंतीवर मेलेली माणसं रोज चहा घेत राहिली, जेवत राहिली. त्यात आणखी एक गोष्ट झाली. जप्तीच्या आदल्या दिवशी कंपनीच्या कुण्या इंजिनिअरनं धडपड करून सांधणीत पंचांग भरलं होतं. पुरावे आधीच कोर्टात गेले होते, त्यामुळं त्याचा उपयोग शून्य. पण श्रावणातल्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीनं रेषा एकावर एक ठेवल्या तेव्हा दोरखंडाबाहेर एकही सुटली नव्हती. मेलेल्यांनी दिवसभर उपास धरला होता. रामभाऊ गुरवांनी धरला होता, द्वारकाकाकूंनी धरला होता. चंद्र उगवायची वाट बघून, सगळ्यांच्या बरोबर, त्यांनी पहिला घास घेतला होता. आता कुणालाच काही ओळखता आलं नसतं. रेवतीनं पडदा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

भाद्रपदात आंबवड्याच्या ग्रामपंचायतीनं तिचा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात मंडप, दुपारी तीनची वेळ. तिनं दोनदा नको म्हटलं; सरपंच ऐकेनात. गावच्या लेकीचा सत्कार गावानं करायचा नाही तर कुणी? कार्यक्रमपत्रिकाही छापून झाली होती. शाल सरपंच देणार, मनोगत दिनकरराव मांढरे, श्रीफळ अमृता पिसाळ देणार.

मंडपात शिरताना अमृतानं तिला बाजूला घेतलं. तुम्ही नसतात तर आईंना काय झालं ते आम्हाला कधी कळलंच नसतं, असं म्हणून तिनं रेवतीचे दोन्ही हात धरले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक मागू का? ती रेषा बंद करू नका म्हणावं. परवाच्या संकष्टीला आई चंद्राला थांबल्या होत्या. मी पुण्यात एकटी असते हो. ऑफिसातून आले की बघते, जेवल्या का. तुमचं ऐकतील सरकारवाले."

तेवढ्यात कुणीतरी तिला व्यासपीठावर बोलावलं.

सरपंचांचं भाषण लांबलं. शाल झाली, टाळ्या झाल्या. मग अप्पांचं नाव पुकारलं. काठी टेकत ते माइकपाशी आले. नवी टिकली दंडावर होती, तिचा हिरवा दिवा सदऱ्यातून दिसत होता. त्यांनी समोरच्या माणसांकडं बघितलं, रेवतीकडं नाही.

"माझ्या लेकीनं मला पौषात सांगितलं, अप्पा, मशीन आणा," ते म्हणाले. "म्हणून मी आज हितं उभा हाय."

जोरात टाळ्या पडल्या. त्या पूर्ण थांबेपर्यंत अप्पा थांबले.

"त्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं. द्वारकावैनींना बी एक आणू का म्हणून."

मागं कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवायला लागलं आणि थांबलं. पहिल्या रांगेत अमृता मांडीवर नारळ घेऊन बसली होती. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "मग? काय म्हणाली ती?"

"ते तीच सांगंल," अप्पा म्हणाले. माइक त्यांनी स्टँडवरून काढला, रेवतीच्या हातात दिला आणि ते पायऱ्या उतरू लागले.

रेवतीला इतके महिने न बोलण्याची सवय झाली होती. आपला आवाज कर्ण्यातून कसा येईल याची तिला कल्पना नव्हती. तो अगदी साधा आला. "मी नको म्हणाले," ती म्हणाली. "काकूंची रेषा खोटी आहे हे मला माहीत होतं. बोलले असते तर दावा गेला असता. म्हणून रेषा चांगली दिसतेय, मशीन नको, असं मी सांगितलं."

सूत्रसंचालक हातातला कागद वाचत राहिला. पुढचं नाव अमृताचं होतं, आणि ती उठली. ती सावकाश व्यासपीठावर आली, रेवतीच्या समोर उभी राहिली आणि तिनं तो नारळ तिच्या हातात ठेवला.

"माझा नंबर होता तुमच्याकडं," ती म्हणाली.

रेवतीनं हो म्हणून मान हलवली. अप्पा तोवर मंडपाबाहेर पडले होते, आणि काठी टेकत एकटेच घराकडं निघाले होते.